पहिल्या पॅकेटात नाव सापडलं नाही तर

लातूरला माझ्या मामांची अभ्यासिका आहे. नीटची पोरं, एमपीएससीची पोरं, दोन-तीन बँकेच्या परीक्षावाले. प्रत्येकाला कप्पा, डोक्यावर पंखा, थंड पाण्याचं मशीन आणि वायफाय. वायफाय महिन्याच्या फीमध्येच धरलेलं, त्यामुळे बंद ठेवायची सोय नाही. चालू ठेवलं की संध्याकाळी सातनंतर लाइन अशी तुंबते की फिजिक्सचं लेक्चर दर मिनिटाला अडकून बसतं. मामांची मागणी एका दमात सांगून झाली: "अगं माय, ते रील-बिल तेवढं बंद करून टाक. लेक्चरला हात लागला नाही पाहिजे."

नेटची ये-जा तपासून अडवणाऱ्या तयार फायरवॉल पेट्या बाजारात मिळतात. दरवर्षीचं लायसन्स धरून कोटेशन आलं, मामांनी ते घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि मला फोन केला. मी पुण्यात एम्बेडेड सी लिहून पोट भरते, त्यामुळे "तुला येतंय की सगळं" हे गृहीतच होतं. मग चार लॅन पोर्टांचा एक बिनपंख्याचा छोटा पीसी घेतला, त्यावर डेबियन १२ हे लिनक्स टाकलं (त्याचा गाभा, म्हणजे कर्नल, ६.१) आणि राउटर म्हणून मधे बसवला.

सुरुवात अर्थातच डीएनएसपासून, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या सेवेपासून केली. डीएनएसमास्क या छोट्या डीएनएस सर्व्हरमध्ये नको त्या नावांची यादी टाकली. फायरफॉक्स स्वतःहून डीएनएस-ओव्हर-एचटीटीपीएस (तोच प्रश्न कूटबद्ध करून बाहेरच्या सर्व्हरला विचारणं) चालू करतो तिथे तो आधी एक ठरावीक नाव विचारून बघतो. त्याला 'असं नाव नाही' असं उत्तर दिलं की तो गुपचूप आपल्या डीएनएसवर राहतो. तेही केलं. याने बरंच काम होतं आणि ज्यांना घरी मुलांसाठी एवढंच हवंय त्यांनी इथेच थांबावं, पुढचं वाचायची गरज नाही. पण अँड्रॉइड ९ पासून फोनच्या सेटिंगमध्येच प्रायव्हेट डीएनएस, म्हणजे असंच कूटबद्ध डीएनएस आहे, आणि नीटच्या पोरांना ते सापडायला एक संध्याकाळ पुरते. ते ज्या क्रमांकाच्या दारातून जातं तो ८५३ पोर्ट बंद करता येतो, पण ४४३ वरून जाणारं डीएनएस साध्या एचटीटीपीएससारखंच दिसतं. म्हणजे आता पॅकेटातच, नेटवरून जाणाऱ्या डेटाच्या तुकड्यातच, बघायला हवं होतं.

फायरवॉलला 'इन्स्टाग्राम' वगैरे काही दिसत नाही. तिला दिसतो कुठून-कुठे जाणारा पत्ता, पोर्ट, काही झेंडे, आणि मग कूटबद्ध बाइट. आयपी पत्त्यावरून अडवावं तर एका पत्त्यामागे हजारो साइट. एकच फट आहे. टीएलएसचं (एचटीटीपीएसमागच्या कूटबद्धीकरणाचं) कनेक्शन जुळवताना ब्राउझर जो पहिला निरोप पाठवतो, त्याला क्लायंट हॅलो म्हणतात, त्यात सर्व्हरचं नाव उघडं लिहिलेलं असतं. पॅकेटं दाखवणारं टीसीपीडंप लावून बघा: डावीकडे हेक्सचे आकडे, उजवीकडच्या रकान्यात नुसते ठिपके आणि कचरा, आणि त्या कचऱ्यात मधेच स्वच्छ अक्षरांत डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू डॉट इन्स्टाग्राम डॉट कॉम. एसएनआय म्हणतात ते हेच.

आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सवर फायरवॉलचे नियम टाकायच्या आज्ञेत, यासाठी हाताशी काय आहे? स्ट्रिंग नावाचा मॅच. पॅकेटात अमुक अक्षरं दिसली तर नियम लागू. नेटवर सापडणाऱ्या निम्म्या उत्तरांत हाच सुचवलेला असतो आणि मला तो मुळीच आवडत नाही. तो पॅकेटभर शोधत सुटतो, मग ते क्लायंट हॅलो असो की व्हिडिओचा तुकडा. कुणी एखाद्या साध्या एचटीटीपी पानावर 'इन्स्टाग्राम' शब्द वाचत असेल तर तेही अडतं. शिवाय त्यात शोधायच्या दोन पद्धती आहेत, बॉयर-मूर आणि केएमपी, आणि यातली बॉयर-मूर उजवीकडून डावीकडे जुळवत येत असल्यामुळे पॅकेटचा डेटा मेमरीत दोन ठिकाणी तुटलेला असेल तर त्या सांध्यावरचा शब्द तिच्या हातून सुटू शकतो. हे कर्नलच्या सोर्समध्येच कॉमेंट म्हणून लिहून ठेवलंय. मला या प्रकल्पांची हीच गोष्ट आवडते. आपल्याच कोडची खोट कोडच्या डोक्यावर लिहून ठेवलेली असते, विक्रीच्या माहितीपत्रकात ती कधी दिसली नसती.

म्हणून तोच स्ट्रिंग मॅचचा कोड घेतला आणि त्याच्या सांगाड्यात स्वतःचं भरलं.

हे शक्य होतं ते आयपीटेबल्समागच्या नेटफिल्टर या कर्नलमधल्या यंत्रणेच्या रचनेमुळे. लिनक्समध्ये फायरवॉल म्हणून २.० कर्नलला आयपीएफडब्ल्यूएडीएम होतं, २.२ ला आयपीचेन्स, आणि मग रस्टी रसेल यांनी १९९८ मध्ये सुरू केलेलं नेटफिल्टर जानेवारी २००१ मध्ये २.४ कर्नलबरोबर आलं. त्यांनी पॅकेटच्या वाटेवर पाच ठिकाणी आकडे (हुक) लावले: राउटिंगच्या आधी, यंत्राच्या आत येताना, आरपार जाताना, यंत्रातून निघताना आणि राउटिंगनंतर. त्या आकड्यावर कुणीही आपलं फंक्शन टांगावं. ते फंक्शन पॅकेट बघून पाचांपैकी एक उत्तर देतं: टाकून दे, जाऊ दे, माझ्याकडे ठेवलं, रांगेत लाव, पुन्हा सुरुवातीपासून बघ. हे शेवटचं उत्तर मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा 'याचा उपयोग कुणाला' असं वाटलं होतं. तो पुढे येतो.

ओपनसेन्स हे तयार फायरवॉल सॉफ्टवेअरही करून बघितलं होतं, ते लिनक्सवर नाही तर फ्रीबीएसडीवर चालतं आणि आतमध्ये पीएफ नावाची फायरवॉल असते, जी डॅनियल हार्टमायर यांनी २००१ मध्ये ओपनबीएसडीसाठी लिहिली. पीएफची नियम लिहायची पद्धत आयपीटेबल्सपेक्षा कितीतरी देखणी आहे, वाद नाही. पण त्यात नवीन प्रकारचा मॅच घालायचा म्हणजे पीएफच उघडून शिवायला बसायचं. नेटफिल्टरमध्ये बाजूला एक मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा कोडचा तुकडा, लिहून जोडता येतं. एनएफटेबल्स हा आयपीटेबल्सचा वारसदार, जो २०१४ च्या सुरुवातीला ३.१३ कर्नलमध्ये आला, त्यात पॅकेटचे अमुक क्रमांकाचे बाइट काढून तपासता येतात, पण नियमांत लूप (तीच पायरी पुन्हा पुन्हा करणं) नाही. आणि क्लायंट हॅलोतलं नाव ठरलेल्या जागी नसतं, ते शोधत चालत जावं लागतं.

ते चालणं असं. टीसीपी या जोडणीच्या पद्धतीचं हेडर, म्हणजे पॅकेटाच्या सुरुवातीचा माहितीचा भाग, संपलं की पहिला बाइट २२ असायला हवा, म्हणजे हँडशेक. पाच बाइटांचं रेकॉर्ड हेडर, मग निरोपाचा प्रकार १, त्याची लांबी तीन बाइटांत, आवृत्ती दोन बाइट, ३२ बाइट यादृच्छिक. असे ४३ बाइट ओलांडले की सेशन आयडीची लांबी. तेवढे पुढे. मग सायफरच्या यादीची लांबी, तेवढे पुढे. मग कॉम्प्रेशनची यादी, पुढे. मग एक्स्टेन्शन, म्हणजे जोडलेले जास्तीचे भाग, सुरू होतात, प्रत्येकाला दोन बाइट प्रकार आणि दोन बाइट लांबी. प्रकार ० म्हणजे सर्व्हरचं नाव. मधे क्रोम मुद्दाम काही निरर्थक प्रकार पेरून ठेवतो, त्याला ग्रीस म्हणतात. आमच्यासारख्यांनी लिहिलेल्या अर्धवट पार्सरांनी अनोळखी काही दिसलं की हात वर करू नयेत, म्हणून केलेली ती सोय आहे. न समजलेलं ओलांडून पुढे जायचं.

यातली प्रत्येक लांबी पलीकडच्या अनोळखी माणसाने लिहिलेली आहे. ती म्हणते '६०,००० बाइट पुढे जा' आणि आपण गेलो, तर ॲप नाही कोसळत, अख्खं कर्नल कोसळतं आणि अभ्यासिकेचं नेट जातं. म्हणून प्रत्येक उडीआधी तपासणी. माझ्या फंक्शनमध्ये खरं काम थोडं आणि 'एवढे बाइट शिल्लक आहेत का' हेच जास्त आहे.

दुसरी खाच: पॅकेटचा डेटा कर्नलमध्ये सलग असेलच असं नाही. बरेचसे नेटवर्क ड्रायव्हर हेडरपुरता भाग सलग ठेवतात आणि उरलेला मेमरीच्या वेगळ्या पानांवर. पॉइंटर पुढे सरकवत सरळ वाचत गेलं तर एका कार्डवर चालेल आणि दुसऱ्यावर कचरा हाती येईल. त्यासाठी एसकेबी_हेडर_पॉइंटर नावाचं फंक्शन आहे. त्याला 'इथून एवढे बाइट दे' म्हणायचं, सलग असतील तर तिथलाच पत्ता मिळतो, नसतील तर आपण दिलेल्या बफरमध्ये कॉपी करून देतो. टीसीपीचं हेडर कुठे सुरू होतं हेही स्वतः मोजत बसू नये, नेटफिल्टर ते पॅरामीटरमध्ये देतं आणि मग आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ या पत्त्यांच्या दोन्ही पद्धतींना एकच कोड पुरतो. आयपीव्ही६ विसरून चालत नाही, आपल्याकडच्या फायबरवर आणि मोबाइलवर ते सर्रास चालू असतं.

नाव जुळवताना शेवटाकडून जुळवते. यादीतलं नाव इन्स्टाग्राम डॉट कॉम असेल तर त्याच्या आधी काहीच नसावं किंवा ठिपका असावा. नाहीतर 'माय-इन्स्टाग्राम' छापाची भलतीच साइट अडते.

मॉड्यूलचा दुसरा अर्धा भाग कर्नलच्या बाहेर असतो. आयपीटेबल्स या आज्ञेला आपला नवा पर्याय कळावा म्हणून एक छोटी लायब्ररी लिहावी लागते. (डेबियनवर आयपीटेबल्स आता आतून एनएफटेबल्सच वापरतं, पण जुने मॅच तसेच चालतात.) दोन्ही बाजूंनी एकच स्ट्रक्ट (माहितीचा साचा) वापरायचं, आकार बाइटन् बाइट जुळला पाहिजे. कर्नलपुरते ठेवलेले पॉइंटर स्ट्रक्टच्या शेवटी टाकायचे आणि 'बाहेरच्यांनी इथपर्यंतच बघावं' हा आकडा द्यायचा, नाहीतर नियम टाकता येतो पण काढता येत नाही, कारण काढताना तुलना करताना ते पॉइंटर कधीच जुळत नाहीत.

नियम कुठे टाकायचा यावर मात्र थोडं थांबते, कारण लोक इथेच फसतात. जवळपास प्रत्येक फायरवॉलचा पहिला नियम असतो: जुळलेल्या कनेक्शनची पॅकेटं सरळ जाऊ द्या. शहाणपणाचा नियम आहे, यंत्राचं काम वाचतं. पण टीसीपीचं कनेक्शन जुळतं सिन, सिन-ॲक, ॲक या तीन पॅकेटांत, आणि क्लायंट हॅलो येतं त्यानंतर. म्हणजे नाव ज्या पॅकेटात आहे ते पॅकेट 'जुळलेल्या' कनेक्शनचं. आपला नियम त्या पहिल्या नियमाखाली ठेवला तर तिथवर काही पोचतच नाही, काउंटर शून्यावरच राहतो. वर ठेवायचा. आणि वर ठेवला की प्रत्येक पॅकेट तपासलं जाऊ नये म्हणून, निकाल लागलेल्या कनेक्शनवर कॉनमार्कची (अख्ख्या कनेक्शनला लागणारी) खूण करून सोडून द्यायचं. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या लिनक्सवर करत असाल तर फ्लो ऑफलोडिंग बंद आहे ना तेही बघा. ते चालू असलं की जुळलेलं कनेक्शन फॉरवर्डच्या, म्हणजे आरपार जाणाऱ्या पॅकेटांच्या, नियमांच्या साखळीत न येता बाजूच्या वाटेने निघून जातं.

अडवताना ड्रॉप वापरू नका. पॅकेट गुपचूप टाकून दिलं की फोन पुन्हा पुन्हा पाठवत राहतो, पोरांना वाटतं नेट स्लो आहे आणि ते काउंटरवर मामांकडे येतात. टीसीपी रीसेट पाठवून रिजेक्ट केलं की ॲप लगेच 'कनेक्ट होत नाही' म्हणतं आणि विषय संपतो. ४४३ वरचं यूडीपी, म्हणजे क्विक (ब्राउझर टीसीपीऐवजी वापरतात ती नवी पद्धत), मी सरसकट रिजेक्ट करते. क्विकच्या पहिल्या पॅकेटाची किल्ली जाहीर मिठावरून (सगळ्यांना माहीत असलेल्या ठरावीक बाइटांवरून) काढता येते, म्हणजे नाव वाचणं अशक्य नाही, पण पॅकेटांच्या वाटेवर बसून ते उलगडत बसायची माझी तयारी नाही. ब्राउझर मुकाट टीसीपीवर येतात आणि लेक्चर तसंच चालतं.

हे सगळं घरी तपासलं होतं. एकाच लॅपटॉपवर तीन नेटवर्क नेमस्पेस, म्हणजे तीन वेगळ्या यंत्रांसारखे कप्पे, मधला राउटर, दोन्हीकडे आभासी केबल. ओपनएसएसएल या टीएलएसच्या साधनाने हवं ते नाव पाठवून बघायचं. तिथे एकही पॅकेट निसटलं नाही. लातूरला लावल्यावर फोनवर ठीक, पण काही लॅपटॉपवरच्या क्रोममध्ये इन्स्टाग्राम अधूनमधून उघडायचं. रिफ्रेश केलं की बंद. पुन्हा केलं की कधीतरी उघडं. एखादी गोष्ट पूर्ण चालत नसेल तर शोधायला सोपी जाते, ही असली 'मनात आलं तर' छापाची गोष्ट रात्र खाते.

उत्तर टीसीपीडंपमध्ये होतं. क्लायंट हॅलो एका पॅकेटात मावतच नव्हतं. २०२४ मध्ये क्रोमने १२४ व्या आवृत्तीपासून क्वांटम संगणकांना पुरून उरेल अशी किल्ली देवाणघेवाण डेस्कटॉपवर आपोआप चालू केली. आधी त्या एक्स्टेन्शनमध्ये ३२ बाइटांची किल्ली जायची, आता १,२१६ बाइटांची. फायबरची लाइन पीपीपीओईवर (जोडणीची ही पद्धत प्रत्येक पॅकेटातले थोडे बाइट खाते), म्हणजे एका पॅकेटात टीसीपीचा डेटा जास्तीत जास्त १,४५२ बाइट. उरलेलं दुसऱ्या पॅकेटात. आणि क्रोम २०२३ पासून एक्स्टेन्शनचा क्रम दरवेळी पिसून बदलतो, पत्ते पिसल्यासारखा. नाव आधी आलं तर पहिल्या पॅकेटात, किल्लीच्या मागे गेलं तर दुसऱ्यात, कधी बरोबर मधोमध तुटलेलं. माझं मॉड्यूल पहिल्या पॅकेटात नाव नाही म्हणून 'नाही' म्हणत होतं आणि दुसरं पॅकेट २२ ने सुरूच होत नाही म्हणून त्याच्याकडे बघत नव्हतं.

मग घरी का दिसलं नाही? कारण आभासी केबलीवर पॅकेट तुटतच नाही. कर्नल मोठा तुकडा अखंड पलीकडे देतं, तोडायचं काम कार्डवर सोडलेलं असतं आणि इथे कार्डच नसतं. ईथटूलने टीएसओ आणि जीएसओ (तोडणं पुढे ढकलणाऱ्या दोन सोयी) बंद केल्यावर घरीही तोच खेळ दिसला. उलट लातूरच्या राउटरवर जीआरओ चालू, म्हणजे दोन तुकडे पाठोपाठ आले तर कर्नल ते माझ्या मॉड्यूलपर्यंत येण्याआधीच जोडून टाकतं. वायफायवरून थोडे अंतराने आले तर नाही जोडत. म्हणजे क्रोमच्या पिसण्यावर हा आणखी एक फासा.

कर्नलमध्ये तुकडे जोडत बसायचं मी टाळलं. तिथे मेमरी मागायची तर थांबता येत नाही, ती परत कधी करायची ते सांभाळावं लागतं, आणि कुणी मुद्दाम अर्धवट हॅलो पाठवत राहिलं तर ती साठत जाते. त्याऐवजी मॅचला तिसरं उत्तर दिलं. आधी 'हो' आणि 'नाही' होतं, आता 'अर्धवट' आलं: सुरुवात क्लायंट हॅलोची आहे, लांबी जास्त सांगतेय, आणि हातात तेवढे बाइट नाहीत. अशा कनेक्शनवर खूण करायची आणि त्याची पॅकेटं एनएफक्यूने रांगेत लावून बाहेरच्या एका साध्या सी प्रोग्रॅमकडे द्यायची. त्याने पहिल्या तुकड्याचे बाइट लक्षात ठेवायचे आणि पॅकेट जाऊ द्यायचं. अर्ध्या हॅलोवर सर्व्हर काहीच करू शकत नाही. दुसरा तुकडा आला की जोडून नाव वाचायचं. चांगलं असेल तर खूण पुसून जाऊ द्यायचं. यादीतलं असेल तर पॅकेटवर वेगळी खूण मारून 'पुन्हा सुरुवातीपासून बघ' असं उत्तर द्यायचं. साखळीत सगळ्यात वर त्या खुणेसाठी रीसेटचा नियम बसलेलाच आहे. त्या पाचव्या उत्तराचा उपयोग हा. रीसेट पाठवायचा कोड मला लिहावा लागला नाही.

रांगेच्या नियमाला बायपास लावून ठेवलंय. प्रोग्रॅम बंद पडला तर पॅकेटं अडून न राहता निघून जातात. कर्नलमधल्या पार्सरचंही तेच, काही कळलं नाही तर जाऊ दे. बँकेत उलट करावं लागेल. अभ्यासिकेत परीक्षेच्या आदल्या रात्री नेट बंद पडण्यापेक्षा चार रील निसटलेल्या परवडल्या.

मधे मामांनी एक प्रश्न विचारला होता. "कोण काय बघतंय ते यात दिसंल का? आई-बाप इचारतात."

"दिसू शकतं मामा, पण मी ठेवणार नाही."

"का गं?"

"उद्या एखाद्या पोरीने डॉक्टरची साइट उघडली तर तेही तुम्हाला दिसेल. हवंय का तुम्हाला?"

ते गप्प झाले, मग म्हणाले, "नको बाबा, ती भानगडच नको." मॉड्यूल कुठलंही नाव लिहून ठेवत नाही. प्रत्येक नियमाचा काउंटर आहे, बस. कोड हातात असण्याचा हा एक फायदा मोजला जात नाही: तयार पेटीत लॉग आधीच चालू असतो आणि बंद करायचं बटण तिसऱ्या मेनूत असतं.

आता मूळ मागणीकडे. रील बंद, लेक्चर चालू. इन्स्टाग्राम आणि चार-पाच गेम अडले, ते जमलं. यूट्यूबचं जमलं नाही आणि या वाटेने जमणारही नाही. शॉर्ट्स असो की रोटेशनल मोशनचं दोन तासांचं लेक्चर, व्हिडिओ येतो तो गूगलव्हिडिओ डॉट कॉमवरून. पॅकेटात फरक नाही. फरक यूआरएलमध्ये आहे आणि ती कूटबद्ध आहे. ती उघडायची तर प्रत्येक पोराच्या फोनमध्ये आपलं प्रमाणपत्र घालायला लावायचं, म्हणजे त्यांच्या बँकेच्या ॲपपासून सगळ्यावर मधे बसायचं. ते मी मामांसाठीही करणार नाही.

त्याऐवजी केक लावला. राउटरची रांग सांभाळणारा हा प्रकार २०१८ पासून, ४.१९ कर्नलपासून लिनक्समध्येच आहे. लाइनच्या वेगापेक्षा किंचित कमी आकडा द्यायचा, म्हणजे रांग सेवा देणाऱ्याच्या उपकरणात न साठता आपल्याकडे साठते, आणि मग ती प्रत्येक उपकरणाला सारखी वाटून द्यायला सांगायची. बाहेर जाणाऱ्या बाजूला नॅट (आतल्या सगळ्यांचा बाहेर एकच पत्ता) ओळखायचा पर्याय चालू करावा लागतो, नाहीतर तिथे सगळी अभ्यासिका त्याला एकच उपकरण दिसते. दोन ओळींच्या आज्ञा. खरं सांगायचं तर संध्याकाळी सातची तक्रार या दोन ओळींनी गेली, माझ्या मॉड्यूलने नाही. एकाने शॉर्ट्स बघितल्या तर त्याचाच वाटा जातो, शेजारच्याचं लेक्चर अडकत नाही. मामांच्या मते मात्र श्रेय मॉड्यूलचं, कारण त्यावर मी जास्त रात्री जागले.

कोणी हे करून बघणार असेल तर दोन गोष्टी. कर्नलच्या आतल्या फंक्शनांची रूपं आवृत्तीगणिक बदलतात, त्यामुळे डीकेएमएस (नव्या कर्नलसाठी मॉड्यूल आपोआप पुन्हा बांधणारं साधन) लावा, नाहीतर एका अपडेटनंतर मॉड्यूल चढणार नाही आणि महिनाभर कुणाच्या लक्षातही येणार नाही. आणि कोड कुणाला द्याल तेव्हा सोर्ससकट द्या, तो जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यावर उभा आहे. नेटफिल्टरच्याच कोडवरून २००४ मध्ये म्युनिकच्या कोर्टाने एका राउटर कंपनीला मनाई हुकूम दिला होता, नेटफिल्टरवर काम करणाऱ्या हॅराल्ड वेल्टे यांनी तो खटला लढवला. जीपीएल कोर्टात टिकतं हे दाखवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या निकालांपैकी तो आहे.

हे किती दिवस चालेल? एन्क्रिप्टेड क्लायंट हॅलो २०२३ पासून क्रोम आणि फायरफॉक्स दोघांत आहे. ज्या साइट ते वापरतात तिथे बाहेर एक सामायिक नाव दिसतं आणि खरं नाव आत कूटबद्ध जातं. त्याची किल्ली डीएनएसमधून मिळते, म्हणून अभ्यासिकेतलं डीएनएस ती देत नाही, पण प्रायव्हेट डीएनएसवाल्या पोरापुढे त्याचा उपयोग नाही. तूर्त माझ्या यादीतली नावं उघडीच येतायत. पुढचं काम डेबियन १३. त्यात ६.१२ कर्नल आहे, आणि ६.४ पासून नेटफिल्टरच्या आकड्यावर थेट बीपीएफचा (कर्नल आधी तपासून मगच चालवतं असा) प्रोग्रॅम टांगता येतो. तसं झालं तर बाहेरची लायब्ररी आणि डीकेएमएस दोन्ही जातील, लांबीच्या तपासण्या कर्नलचा तपासनीस, म्हणजे व्हेरिफायर, माझ्याकडून सक्तीने करून घेईल. पार्सरचा लूप त्याच्या गळी उतरवायला सुरुवात केलीय, अजून तो एक्स्टेन्शनच्या यादीपाशी अडून बसलाय.